पांढऱ्या कपड्यांतला मुलगा

ऑक्टोबर १९८५. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला चॅपाक्वा नावाचं गाव आहे. तिथल्या 'रीडर्स डायजेस्ट'च्या कचेरीच्या पार्किंगमध्ये तुम्ही उभे आहात. तुम्ही कुणाला दिसत नाही, तेव्हा निवांत बघून घ्या. समोर हायस्कूलमध्ये शिकणारा एक मुलगा आहे, डेव्हिड मेकनर. अंगावर पांढरे कपडे. व्हिडिओ कॅमेरा घेऊन उभा आहे तो त्याचा मोठा भाऊ जॉर्डन, वय एकवीस. जॉर्डन सांगेल तसं डेव्हिड पळतो, थांबतो, वळतो, पुन्हा पळतो. मग उडी. मग कडेला लटकून हातांच्या जोरावर वर चढणं.

त्याचे पाय बघा. पळायला सुरुवात करताना आधी धड पुढे झुकतं, पहिलं पाऊल छोटं पडतं आणि मग वेग येतो. थांबायचं म्हटलं तरी जागच्या जागी थांबता येत नाही. टाचा रोवाव्या लागतात, धड मागे जातं. ही धाव तुम्ही आधी पाहिली आहे. कुठे पाहिली, ते आठवेपर्यंत जॉर्डनने सामान आवरायला घेतलेलं असतं.

जॉर्डन नुकताच येल विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडलाय. कॉलेजात असतानाच त्याने 'कराटेका' नावाचा गेम लिहिला, १९८४ साली तो निघाला आणि भरपूर खपला. आता पुढे काय करायचं, सिनेमाच्या पटकथा लिहायच्या की दुसरा गेम करायचा, हे त्याचं ठरत नाहीये. डोक्यात अरबी सुरस कथांच्या वळणाचं काहीतरी घोळतंय: कैदेतला तरुण, कपटी वजीर, राजकन्या, तळघरं. रोज काय झालं ते तो रोजनिशीत उतरवून ठेवतो. ती रोजनिशी पुढे पुस्तक म्हणून छापली गेली, म्हणून तर तुम्हाला इथवर येता आलं.

महिनाभरापूर्वीच, सप्टेंबरमध्ये, जपानमध्ये 'सुपर मारिओ ब्रदर्स' निघालाय. मारिओ उडी मारल्यावर हवेतल्या हवेत मागे-पुढे सरकू शकतो. डेव्हिडला ते कसं जमणार? त्याच्या अंगाला वजन आहे. जॉर्डनला तेच वजन पडद्यावर हवंय.

आता कॅलिफोर्नियातल्या सॅन राफेलला चला, गेम काढणाऱ्या ब्रॉडरबंड कंपनीच्या कचेरीत. १९८६ साल सरत आलंय. व्हीसीआरमध्ये ती कॅसेट आहे. जॉर्डन एक फ्रेम पुढे नेतो, चित्र गोठवतो, टीव्हीच्या काचेचा साध्या कॅमेऱ्याने फोटो काढतो. पुन्हा एक फ्रेम, पुन्हा फोटो. रोल धुऊन आला की फोटो ओळीने चिकटवायचे, काळ्या मार्करने अंगाची बाह्यरेषा गडद करायची, आजूबाजूचं सगळं पांढऱ्या करेक्शन फ्लुइडने झाकायचं आणि झेरॉक्स काढायची. मग ते कागद व्हिडिओ कॅमेऱ्याखाली धरून अॅपल टूमध्ये उतरवायचे आणि तिथे एकेक ठिपका हाताने नीट करत बसायचं. टेबलावर वाकून बघा. डेव्हिडची एक उडी कागदांच्या एका लांबलचक पट्टीवर पसरली आहे.

तलवारबाजीसाठी भाऊ कामाचा नव्हता. मग जॉर्डनने १९३८चा 'द अॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' लावला. त्यातल्या शेवटच्या द्वंद्वात एरॉल फ्लिन आणि बॅझिल रॅथबोन हे दोघं पूर्ण बाजूने दिसतात असे जेमतेम सहा सेकंद आहेत. तेवढ्या सहा सेकंदांवर गेममधल्या राजपुत्राची सगळी तलवारबाजी उभी आहे.

आणि मग मेमरी संपते. अॅपल टूवर मिळून १२८ के. जॉर्डनची मैत्रीण आणि सहकारी टोमी पिअर्स त्याला पुन्हा पुन्हा सांगते की या गेममध्ये मारामारी हवी, समोर कुणीतरी शत्रू हवा. जॉर्डन म्हणतो, नव्या माणसाची चित्रं ठेवायला जागाच नाही. त्यातून जे निघालं ते मला आजही थक्क करतं. राजपुत्राचीच आकृती घ्यायची, एक बिट सरकवायची आणि मूळ आकृतीशी तिचा 'एक्स-ऑर' करायचा. जिथे दोन्ही सारखं तिथे पुसलं जातं, कडा तेवढ्या उरतात. मधून पोकळ, कडांनी थरथरणारा दुसरा राजपुत्र पडद्यावर पळायला लागतो आणि त्यासाठी नव्या चित्रांची जागा अजिबात लागत नाही. त्याला नाव मिळतं शॅडोमॅन. या गेममधलं सगळ्यात खोल पात्र जागेच्या टंचाईतून जन्मलं. पुढे गेमला खरे पहारेकरीही मिळाले, पण सावलीची सर कुणालाच नाही.

'प्रिन्स ऑफ पर्शिया' अॅपल टूवर १९८९च्या ऑक्टोबरमध्ये निघाला. अॅपल टूचे दिवस तोवर सरले होते आणि अमेरिकेत सुरुवातीला तो फारसा खपला नाही. मग १९९०मध्ये डॉसवरची आवृत्ती आली, पाठोपाठ बाकीच्या मशीनवरच्या आल्या, आणि तो जगभर गेला. आपल्याकडे आला तो बहुतेक फ्लॉपीतून फ्लॉपीत. लेखकाला त्यातून एक पैसा मिळाला नाही, हे नमूद केलंच पाहिजे.

आता मिरज. मे १९९६, दुपारचे तीन. रस्त्यावरचं डांबर मऊ झालंय. जिना चढून वर या आणि चपला दाराबाहेर काढा. आत गालिचा, जाड पडदे आणि एसी. एसी मशीनसाठी आहे, गारवा तुम्हाला फुकट. दहावीची परीक्षा झाली आहे, सुट्टी वाया नको म्हणून घरच्यांनी कॉम्प्युटर क्लासची फी भरली आहे. डॉस, वर्डस्टार, लोटस. प्रॅक्टिकलला एका मशीनवर दोघं. रंगीत मॉनिटर एकच, सरांच्या टेबलाजवळचा, बाकी सगळे काळे-पांढरे. बाहेरची फ्लॉपी आणायला सक्त मनाई, कारण व्हायरस.

सर चहाला खाली उतरतात. तुमच्या जोडीचा बारावीतला दादा शर्टाच्या आतून फ्लॉपी काढतो. काळ्या पडद्यावर तो टाइप करतो: प्रिन्स, मध्ये जागा, मेगाहिट. दुसरा शब्द कुणी कुणाला सांगितला ते कुणालाच माहीत नाही, पण जिथे डॉस आहे तिथे तो पोचलेला आहे. काही कॉप्यांवर तो चालत नाही, तिथे इम्प्रूव्ह्ड असं टाकावं लागतं.

पडद्यावर मनोरा, राजकन्या, वाळूचं घड्याळ. सुलतान लढाईवर गेलाय, वजीर जाफरने राजकन्येला तासाची मुदत दिली आहे: लग्न नाहीतर मरण. ही गोष्ट मिरजेत कुणाला समजावून द्यावी लागत नाही. आदिलशाहीतल्या कारस्थानांवर टीपा लिहून आलेली पोरं आहेत ही.

"बाण माझे. तू नुसतं शिफ्ट बघ," दादा ठरवून टाकतो.

आणि तो दिसतो. पांढरे कपडे, अनवाणी पाय, तळघरात पडतो, गुडघ्यात वाकतो, उठून उभा राहतो. काळ्या-पांढऱ्या मॉनिटरवर तर तो आणखीच उठून दिसतो. दादा बाण दाबतो आणि राजपुत्र पळायला लागतो: आधी धड पुढे, पहिलं पाऊल छोटं. आजवर टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या गेममध्ये तुम्ही जे बघितलं ते सगळं सरकत होतं, टुणटुणत होतं. हा पळतोय. मागच्या मशीनवरची पोरं खुर्च्या सरकवून जवळ येतात.

शिफ्ट म्हणजे जपून. शिफ्ट धरून बाण दाबला की राजपुत्र एकच पाऊल टाकतो आणि फरशीच्या कडेला आला तर पाय अलगद मागे घेतो. जमिनीत सुळे आहेत; जवळ गेलं की सर्रकन वर येतात. त्यांच्यावर पळत गेलात तर संपलात, पण एकेक पाऊल टाकत गेलात तर त्यांच्या मधून जाता येतं. तुमचं बोट शिफ्टवर आहे, दादाचं बाणावर. दोन वेगळी माणसं मिळून एक पाऊल टाकतात. एक पाऊल. दुसरं. तुम्हाला वाटतं झालं, आणि बोट जरासं उचललं जातं.

"अरे शिफ्ट! शिफ्ट का सोडलीस?"

स्पीकरमधून चार पडेल सूर निघतात. खाली अक्षरं येतात, बटण दाबा. लेव्हल पुन्हा पहिल्यापासून. गेलेला वेळ मात्र परत मिळत नाही. साठ मिनिटांचं घड्याळ तुम्ही मेलात म्हणून मागे जात नाही. मेगाहिट टाकून सुरू केलाय म्हणून दादा के दाबून समोरचा पहारेकरी जागेवर मारू शकतो, शिफ्ट आणि एल दाबून अख्खी लेव्हल ओलांडू शकतो. तो तसं करतोही. शेजारच्या मशीनवरची मुलगी मान न वळवता म्हणते, "त्यात काय मोठं? तासाभरात काढून दाखव ना."

चौथी लेव्हल. बाहेर पडायचं दार उघडलंय, तुम्ही परत फिरता, तर येताना मोकळ्या असलेल्या वाटेत आता आरसा उभा आहे. वाट अडलेली. दादा सगळं करून बघतो. शेवटी वैतागून तो लांबून धाव घेऊन थेट आरशावर उडी टाकतो. आरशातून राजपुत्र पलीकडे पडतो, आणि त्याच क्षणी आरशातून दुसरा कुणीतरी उलट्या दिशेने उडी मारून निघून जातो. खाली कोपऱ्यातल्या त्रिकोणांपैकी एकच उरलाय; बाकी सगळा जीव त्याने नेला. कुणी काही बोलत नाही. सॅन राफेलमधला तो सरकवलेला एक बिट इथे सातासमुद्रापलीकडे पोचलाय.

मग लाइट जाते. यूपीएस बोंबलायला लागतो, जिन्यावर सरांच्या चपला वाजतात, दादा फ्लॉपी ओढून काढतो आणि लोटस उघडण्याइतका वेळही उरत नाही.

तिथून थेट आजच्या दिवसात या. लॅपटॉपवर जुने डॉस गेम चालवणारा डॉसबॉक्स आहे, त्यात तोच गेम, आता रंगीत. मेगाहिट न टाकता सुरू करा, त्या मुलीने सांगितलं होतं तसं.

पहिली दहा मिनिटं हात शिव्या देतात. बाण दाबल्यावर राजपुत्र लगेच निघत नाही, सोडल्यावर लगेच थांबत नाही. उडी एकदा मारली की मारली, मध्येच मन बदलता येत नाही. आताच्या गेमची सवय झालेल्या बोटांना हे दुखण्यासारखं वाटतं. पण थोडं थांबा. फरशा मोजायला लागा. धावत उडी मारायची तर मागे किती जागा हवी, कुठल्या फरशीवर निर्णय घ्यायचा, हे डोळ्यांना कळायला लागतं, आणि मग बोटं एक पाऊल आधी विचार करायला लागतात. चॅपाक्वात डेव्हिडने टाचा रोवल्या होत्या, त्या टाचा आता तुमच्या हिशोबात आल्या. चाळिशीच्या आसपासच्या माणसाला हे वजन जास्त कळतं, असं मला वाटतं. एक मजला खाली पडलात तर काही होत नाही, दोन मजल्यांनी एक जीव जातो, तीन मजल्यांनी खेळ संपतो: हे नियम कुणी सांगत नाही, पडून कळतात.

तेव्हा दिसल्या नव्हत्या अशा गोष्टी आता दिसतात. पाचव्या लेव्हलला तुम्ही मोठ्या बाटलीकडे जात असता आणि सावली तुमच्या डोळ्यांदेखत ती पिऊन टाकते. सहाव्याला तुम्ही दाराकडे झेपावता आणि पलीकडे उभी असलेली सावली शांतपणे पाय पुढे टाकून दार खाली पाडते. आठव्याला तुम्ही अडकून पडता. काही करता येत नाही, सेकंद जातात, आणि राजकन्येने पाठवलेला पांढरा उंदीर येऊन कळीच्या फरशीवर चढतो. पडद्यावर संवादाची एकही ओळ नाही. कोण कुणाचं आहे, हे सगळं केवळ पायांनी सांगितलेलं आहे. संगीत जॉर्डनचे वडील फ्रान्सिस यांचं आहे. ते मानसशास्त्रज्ञ, व्हिएन्नात जन्मलेले, लहानपणी नाझींपासून वाचत देशोदेशी फिरलेले. एक मुलगा धावला, दुसऱ्याने रेखाटलं, वडिलांनी सूर दिले. एका घराने केलेला गेम आहे हा.

२००३ साली डोकवा. 'द सँड्स ऑफ टाइम', याच मालिकेतला, युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओतला, कथा जॉर्डनची. सुरुवातच भारतातल्या एका महाराजाच्या महालावर हल्ल्याने होते आणि नायिका फराह त्या महाराजाची मुलगी. इथे राजपुत्र भिंतीवर आडवा धावतो, तुम्ही चुकून दरीत पडता, आणि बटण दाबून धरलं की काळ उलटा फिरतो. तो पुन्हा काठावर येऊन उभा राहतो. तेव्हा हे बघून अंगावर काटा आला होता, आजही महालाच्या गच्च्यांवर पडणारं ते पिवळसर ऊन आणि कथा सांगणाऱ्या राजपुत्राचा आवाज सुंदरच वाटतो. मारामाऱ्या मात्र आता फार लांबतात. वाळूची भुतं संपता संपत नाहीत. आणि मनापासून सांगायचं तर काळ मागे फिरवायची सोय मिळाली की काठावरचा माणूस तितक्या जपून पाऊल टाकत नाही. मिरजेत दोन बोटांनी मिळून टाकलेलं ते पाऊल इथे कुणी टाकणार नाही.

याच गेमच्या नव्या आवृत्तीचं काम पुढे पुण्यात आलं. युबिसॉफ्टचा स्टुडिओ पुण्यात २००८पासून आहे, मुंबईत २०१८पासून. सप्टेंबर २०२०मध्ये जाहीर झालं की 'सँड्स ऑफ टाइम' नव्याने घडवण्याचं काम या दोन स्टुडिओंकडे आहे. त्या दिवशी ते वाचताना ऊर भरून आला होता. ज्या गेमची ओळख आपल्याकडे चोरून आणलेल्या फ्लॉपीवर झाली, त्याच घराण्यातला गेम आता आपल्या गावातली मुलं रीतसर, पगारावर, स्वतःच्या नावासकट घडवणार. पहिली झलक आली तेव्हा चित्रांवर टीका झाली, तारीख पुढे गेली, पुन्हा पुढे गेली, आणि मे २०२२मध्ये काम माँट्रियलला नेण्यात आलं. त्या झलकीवर हसणाऱ्यांपैकी किती जणांनी कधी एखादी उडी फ्रेमफ्रेमने बसवून पाहिली असेल? पुण्या-मुंबईतल्या त्या मंडळींनी त्यात घातलेली वर्षं मला मोलाची वाटतात.

थोडं मागे, मार्च २०१२. फ्रान्सिस मेकनर यांच्या घरातलं एक कपाट उघडलं जातं आणि मागून एक खोका निघतो. त्यात साडेतीन इंची फ्लॉप्या. वर्षानुवर्षं हरवला म्हणून जॉर्डनने आशा सोडलेला अॅपल टूचा मूळ सोर्स कोड! जुन्या कॉम्प्युटरचे जाणकार जेसन स्कॉट आणि टोनी डियाझ जुनी यंत्रं घेऊन येतात, फ्लॉप्या वाचल्या जातात, आणि एप्रिलमध्ये सगळा कोड गिटहबवर कुणालाही वाचायला खुला होतो. आजही आहे. 'सीक्वटेबल' नावाची फाइल उघडा. राजपुत्राची प्रत्येक हालचाल तिथे ओळीने लिहून ठेवली आहे: कुठली फ्रेम, मग किती ठिपके पुढे, मग कुठली फ्रेम. धाव सुरू करायची एक यादी, वळायची एक, उभ्या उभ्या उडीची एक, धावत्या उडीची वेगळी. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला मी ही फाइल दाखवेन. माणसाचं चालणं इतक्या थोड्यात लिहून ठेवता येतं, हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावं.

२०२४च्या जानेवारीतला 'द लॉस्ट क्राउन'ही खेळून बघा. नायक इथे राजपुत्र नाही, सारगॉन नावाचा योद्धा आहे; काफ पर्वत आहे, सीमुर्ग आहे, आणि हवं तर पात्रं फारसीत बोलतात. पुन्हा आडवा, बाजूने दिसणारा गेम. त्यातली एक कल्पना मला फार आवडली. एखाद्या दाराशी अडलात की तिथल्या तिथे त्या जागेचा फोटो नकाशावर टाचून ठेवायचा, म्हणजे पुढे नवी शक्ती मिळाल्यावर कुठे परत यायचं ते कळतं. सापळ्यांच्या खोल्या अशा रचल्या आहेत की मरून मरून शेवटी हात एका लयीत येतात, आणि ती लय सापडली की जुन्या राजपुत्राशी याचं रक्ताचं नातं आहे हे पटतं. सारगॉन हवेत वळतो, पुन्हा उडी मारतो, सपकन सरकतो. हवेत तो मारिओसारखा मोकळा आहे. त्याचं कौतुक करूनही मी म्हणेन, डेव्हिडचं वजन त्याच्यात नाही.

म्हणून पुन्हा डॉसबॉक्स. बारावी लेव्हल, मनोरा. वर चढत आलात आणि समोर सावली तलवार काढून उभी आहे. तुम्हीही तलवार काढता. घाव घालता तर तिचा एक त्रिकोण जातो आणि तुमचाही जातो. तिला मारलंत तर तुम्हीच मरता. तलवार म्यान करा. तीही म्यान करते. आता सरळ तिच्या अंगावर धावत जा; दोघं एक होता. पुढे काठ आहे आणि काठापलीकडे काहीच नाही, तरी तसेच पळत राहा, पायाखाली फरशी येत जाते. मग जाफर. तो बेरकी लढवय्या आहे, पण सहा सेकंदांच्या सिनेमातून शिकलेले हात आता तुमचे झालेत. तो पडला की पडदा लखलखतो आणि घड्याळ थांबतं, उरलेली मिनिटं तिथेच गोठतात. राजकन्येच्या खोलीपर्यंतची वाट अजून चालायची असते. आता कसलीच मुदत नाही, शिफ्ट धरून एकेक पाऊल टाकत गेलात तरी चालेल. मी दर वेळी ते अंतर पळतच कापतो.